हरणाऱ्याचे नाणे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह, सनदा आणि लढाया उभ्या राहतात. आणि वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांचा तर या गोष्टींशी वर्षानुवर्षांचा परिचय आहे. आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत त्यातही लढायाच आहेत. पण त्या काचेच्या पडद्यावर दोन चित्रांमध्ये होतात आणि दीड-दोन मिनिटांत निकालात निघतात. 'स्ट्रीट फायटर', 'टेकन' अशा नावांचे द्वंद्वाचे व्हिडिओ गेम गेली तीस-पस्तीस वर्षे जगभर खेळले जात आहेत, त्यांचा हा इतिहास. सभागृहातील वडीलधाऱ्यांना हा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे, आणि तरुण मंडळींना तो आमच्यासारख्यांच्या तोंडी शोभत नाही असे वाटत असेल. दोघांनाही आमची विनंती एवढीच की थोडा धीर धरावा. पानिपताच्या पराभवाची मीमांसा करण्यात ज्यांच्या पिढ्या खर्ची पडल्या, त्या आम्हां मराठी माणसांना हा इतिहास अगदीच परका वाटू नये. कारण हरलेल्या माणसाने हरल्यानंतर काय केले, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

प्रथम एक साधा हिशेब मांडू. द्वंद्वात दोघे उतरतात आणि एकच जिंकतो. म्हणजे या खेळात जितके विजय तितकेच पराभव. मोठ्या स्पर्धेत हजारो खेळाडू नाव नोंदवतात, आणि त्यांतला एक सोडून बाकी सगळे हरूनच घरी परततात. तेव्हा जो हा खेळ धरील त्याला पराभव हा सणासुदीचा पाहुणा नसून रोजचा शेजारी आहे. या शेजाऱ्याशी कसे वागावे हे ज्याला साधले तो पुढे गेला, ज्याला साधले नाही तो एक तर तिथेच राहिला किंवा खेळ सोडून निघून गेला. हे साधण्याच्या रीती मात्र काळानुसार बदलत गेल्या. त्या कशा बदलल्या हे आता क्रमाने पाहू.

जपानमधील ओसाका शहरातील कॅपकॉम या कंपनीने १९८७ साली 'स्ट्रीट फायटर' नावाचा खेळ काढला. तो फारसा गाजला नाही. १९९१ साली त्याच कंपनीने त्याची दुसरी आवृत्ती काढली आणि तिने मात्र इतिहास घडवला. आठ निरनिराळे लढवय्ये, हाताशी एक दांडा आणि सहा बटणे, आणि समोर यंत्राऐवजी दुसरा माणूस, अशी ही मांडणी होती. तीत एक मौजेचा अपघात झाला. खेळाची चाचणी चालू असताना कंपनीच्याच एका माणसाच्या लक्षात आले की विशिष्ट क्षणी बटण दाबले तर एका प्रहाराला जोडून दुसरा प्रहार असा बसतो की मार खाणाऱ्याला मधे हात उचलायला सवडच मिळत नाही. हे कोणी योजलेले नव्हते. कंपनीने ते काढूनही टाकले नाही आणि त्याची दवंडीही पिटली नाही. आज ज्याला सर्रास 'कॉम्बो' म्हणतात त्याचा उगम हा असा आहे. खेळ बनवणाऱ्यांनाच जो खेळ पुरता ठाऊक नव्हता तो खेळणाऱ्यांना पुस्तकातून शिकता येणे शक्यच नव्हते. तो एकमेकांकडून मार खात खातच शिकावा लागला.

त्या वेळी हे खेळ घरात नव्हते, नाणे टाकून खेळण्याच्या दुकानांत होते. अशा दुकानांना आर्केड म्हणत. अमेरिकेत पंचवीस सेंटचे नाणे चाले, जपानात शंभर येनचे. नियम सोपा होता : जो जिंकेल तो त्याच नाण्यावर खेळत राहील, जो हरेल तो बाजूला होईल, आणि पुन्हा खेळायचे तर नवे नाणे टाकील. अमेरिकेत दोघे खेळाडू एकाच यंत्रापुढे खांद्याला खांदा लावून उभे राहत, आणि पुढची पाळी आपली आहे हे सांगण्यासाठी मागचा मुलगा आपले नाणे पडद्याच्या कडेवर ठेवून देई. जपानात दोन यंत्रे पाठीला पाठ लावून मांडण्याची रीत पडली. तिथे प्रतिस्पर्ध्याचा चेहराही दिसत नसे. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात गावोगावी व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली होती. 'किंग ऑफ फायटर्स ९७' आणि ज्याला सगळी पोरे त्यातल्या एका पात्रावरून 'मुस्तफा' म्हणत तो खेळ, यांची आठवण या सभेत चाळिशी गाठलेल्या पुष्कळांना असेल. आणि खाऊचे पैसे तिथे संपल्याबद्दल घरी खाल्लेल्या माराचीही असेल.

या नाण्याच्या नियमाने पराभवाला तीन अर्थ आले. पैसा गेला, पाळी गेली, आणि चारचौघांत मान गेला. परंतु त्याच नियमाने हरणाऱ्याला एक गोष्ट फुकट दिली. पुढची पाळी येईपर्यंत त्याला उभे राहून पाहावे लागे. आपल्याला ज्याने हरवले तो दुसऱ्याला कसा हरवतो, आणि तिसरा त्याला कसा हरवतो, हे तो पाहत राही. तालमीत नवा पोरगा हौद्याच्या कडेला बसून जोड पाहतो, त्यातलाच हा प्रकार. आर्केडमध्ये वस्ताद नव्हता. रांग हीच शाळा होती.

त्या शाळेतला पहिला धडा कोणता होता हे एका उदाहरणाने सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन सोपे होईल. रियू नावाचा लढवय्या दोन्ही तळहात पुढे करून ऊर्जेचा एक गोळा फेकतो. तो जमिनीला समांतर येतो. नवशिका काय करतो? गोळा चुकवायला उडी मारून पुढे येतो. रियू तोवर मोकळा झालेला असतो; तो उसळी घेऊन वरच्या वर हनुवटीवर ठोसा मारतो. नवशिका आपटतो. उठतो, पुन्हा गोळा येतो, पुन्हा उडी, पुन्हा ठोसा. चार-पाच वेळा असे झाले की तो बाजूला होतो आणि म्हणतो, "हा एकच डाव सारखा सारखा करतो, ह्याला काय खेळणे म्हणतात?"

आता, गाऱ्हाणे खरे आहे. प्रतिस्पर्धी एकच डाव करीत होता. पण तो एकच डाव पुरेसा होता, कारण नवशिका एकच चूक करीत होता. रांगेत उभा राहून जो नीट पाहील त्याला दिसेल की या कोंडीतून सुटण्याच्या तीन-चार वाटा आहेत. गोळा हातांवर झेलून थोडे नुकसान सोसावे आणि पावलापावलाने पुढे सरकावे. किंवा जागच्या जागी सरळ वर उडी मारून गोळा खालून जाऊ द्यावा. किंवा गोळा सुटण्याच्या आधीच, तो सुटणार हे ओळखून उडी घ्यावी, म्हणजे रियूचे हात गुंतलेले असतात आणि ठोसा मारायला त्याला वेळ मिळत नाही. यांतली तिसरी वाट सर्वांत लाभाची आणि सर्वांत धोक्याची, कारण तीत अंदाज चुकला तर पुन्हा हनुवटीवर ठोसा बसतो. म्हणजे 'मी हरलो' या वाक्याच्या जागी 'मी गोळा पाहिल्यावर उडी मारतो, ती आधी मारायला हवी' हे वाक्य आले, तेव्हा त्या मुलाचे शिक्षण सुरू झाले. पहिल्या वाक्याने दुःख होते आणि काही करता येत नाही. दुसऱ्या वाक्याने दुःख थोडे कमी होते आणि उद्या काय करायचे ते कळते.

हे इतके सोपे असते तर सगळेच शिकले असते. पण हरलेल्या माणसाचे मन सबबी शोधण्यात मोठे वाकबगार असते. या खेळांत एक नियम आहे : प्रहार हातांवर झेलता येतो, पण जो नुसता झेलतच बसतो त्याला जवळ जाऊन पकडून आपटता येते, आणि जो पकडायला येतो त्याला आधी प्रहार करून थोपवता येते. प्रहार, बचाव आणि पकड या तिघांचे हे चक्र आहे. सुरुवातीच्या काळात कित्येक आर्केडांत पकड हा हलकटपणा समजला जाई. 'पकडायचे नाही' असे अलिखित नियम झाले, आणि जो ते मोडून जिंके त्याचा विजय खरा मानला जात नसे. डेव्हिड सर्लिन हे स्वतः स्पर्धांतून खेळलेले आणि पुढे खेळांची रचना करणारे गृहस्थ. त्यांनी 'प्लेइंग टु विन' या पुस्तकात अशा खेळाडूचे परखड वर्णन केले आहे. खेळाने न घातलेले नियम तो स्वतःच्या मनाने घालून घेतो आणि मग समोरच्याने ते पाळले नाहीत म्हणून रुसतो. अशा खेळाडूला त्या मंडळींत 'स्क्रब' म्हणतात. आमच्या मते या शब्दाचा रोख हाताच्या कौशल्यावर नाही. नवशिका अडाणी असला तरी शिकू शकतो. ज्याने पराभवाचा दोष कायमचा दुसऱ्याच्या नावावर लिहून ठेवला त्याच्यापाशी शिकण्यासारखे काही उरत नाही, आणि त्याला उद्देशून तो शब्द आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही जण सगळा दोष स्वतःच्या माथी घेतात. "माझे हातच मंद, मला हे जमणारच नाही," असे म्हणून खाली मान घालतात. वरवर पाहता ही नम्रता वाटते. पण कोणता हात, कोणत्या क्षणी, कोणत्या डावाला मंद पडला, हे विचारले तर उत्तर येत नाही. तेव्हा ही देखील एक सबबच झाली. दुसऱ्याला शिव्या देणारा आणि स्वतःला शिव्या देणारा, दोघेही तो एक क्षण नीट पाहण्याचे टाळतात.

आर्केडच्या या गल्लीबोळांतून स्पर्धा उगवल्या. १९९६ साली कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे सुमारे चाळीस खेळाडूंची एक स्पर्धा भरली. टॉम आणि टोनी हे कॅनन बंधू आणि त्यांचे सहकारी तिच्या मुळाशी होते. २००२ साली तिला 'इव्होल्यूशन' हे नाव मिळाले. आज तिला जगभर नुसते 'इव्हो' म्हणतात. या स्पर्धेच्या रचनेत आमच्या विषयाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट आहे. तीत एकदा हरलेला खेळाडू बाद होत नाही. तो हरलेल्यांच्या शाखेत जातो आणि तिथून पुन्हा वर चढू शकतो. दुसऱ्यांदा हरला तरच घरी जातो. ही पद्धत त्यांनी शोधून काढलेली नाही, इतर खेळांतही ती आहे. पण नाण्याच्या शाळेत वाढलेल्या या मंडळींना ती मानवली यात नवल नाही. फरक इतकाच की हरलेल्यांच्या शाखेतून अंतिम सामन्यापर्यंत आलेल्याला तिथे एकदा जिंकून भागत नाही, दोनदा जिंकावे लागते. पहिल्या पराभवाचे कर्ज असे शेवटी फेडावे लागते.

या स्पर्धेच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध क्षण २००४ सालचा, कॅलिफोर्नियातील पोमोना येथला. एका बाजूला जपानचे दाइगो उमेहारा, वय तेवीस. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचे जस्टिन वाँग, वय अठरा. उमेहारांचा लढवय्या केन. त्याची जीवनरेषा संपत आलेली, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा तुकडा शिल्लक. वाँग यांच्या चुन-लीने पंधरा लाथांचा महाप्रहार सोडला. साधा बचाव करून उपयोग नव्हता, कारण अशा प्रहारात हातांवर झेललेली लाथ देखील थोडे नुकसान करतेच, आणि तेवढेही सोसण्याची केनची ताकद उरली नव्हती. एकच मार्ग होता. त्या खेळात प्रहार लागण्याच्या नेमक्या क्षणी दांडा प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने ढकलला तर प्रहार पूर्ण निष्फळ होतो. पण तो क्षण सेकंदाचा लहानसा अंश असतो, आणि मागेपुढे झाले तर लाथ अंगावर. उमेहारांनी पंधराही लाथा एकामागून एक अशा परतवल्या. शेवटची तर हवेत उडी घेऊन परतवली, आणि लगेच उलट प्रहार करून डाव जिंकला. त्या वेळचे चित्रण आज कुणालाही पाहता येते. सभागृहातला जल्लोष ऐकून अंगावर काटा येतो.

आता या प्रसिद्ध प्रसंगाची जी बाजू क्वचितच सांगितली जाते ती सांगतो. हा सामना हरलेल्यांच्या शाखेतला होता. म्हणजे दोघेही त्या स्पर्धेत आधी एकदा हरलेले होते. आणि त्यानंतरचा अंतिम सामना उमेहारा हरले. विजेतेपद केंजी ओबाता या त्यांच्या देशबांधवाला मिळाले. ज्या स्पर्धेने उमेहारांना अजरामर केले, ती त्यांनी जिंकलेली नाही. आणि त्या चित्रणात ज्यांचा पराभव लक्षावधी लोकांनी पुनःपुन्हा पाहिला, ते वाँग खेळ सोडून गेले नाहीत. दहा वर्षांनी, २०१४ साली, त्याच इव्होत दुसऱ्या एका खेळाचे विजेतेपद त्यांनी मिळवले.

उमेहारांचे पुढे काय झाले? पोमोनानंतर काही काळाने त्यांनी हे खेळ सोडले. काही वर्षे ते माहजाँग या सोंगट्यांच्या खेळात व्यावसायिक होण्याच्या खटपटीत होते. तेही सोडले, आणि वृद्धांच्या शुश्रूषेचे काम पत्करले. जगातला एक नामांकित खेळाडू म्हाताऱ्या माणसांना उठवण्या-बसवण्याचे काम करीत होता. २००८ साली 'स्ट्रीट फायटर'ची चौथी आवृत्ती आली तेव्हा ते परतले. २००९ साली इव्होच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा जस्टिन वाँगच होते. उमेहारा जिंकले, आणि २०१० सालीही विजेते ठरले. २०१२ साली त्यांनी जपानीत एक पुस्तक लिहिले. त्यातला विचार थोडक्यात असा की एकदा जिंकणे आणि जिंकत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पर्धेतला विजय हाच ज्याचा हेतू, तो विजयाबरोबर थांबतो आणि पराभवाबरोबर मोडतो. आज कालच्यापेक्षा थोडे पुढे सरकणे हा ज्याचा हेतू, त्याला स्पर्धा ही नुसती परीक्षा राहते. असा विचार न हरलेल्या माणसाने सांगितला असता तर आम्ही तो सुभाषित म्हणून बाजूला ठेवला असता. खेळापासून पूर्ण दूर जाऊन आलेल्या माणसाने तो सांगितला म्हणून आम्ही त्याला वजन देतो.

पराभवाचे दुःख खोटे असते असे मात्र कुणी समजू नये. २०१७ साली इव्होत 'स्ट्रीट फायटर'च्या पाचव्या आवृत्तीचा अंतिम सामना अमेरिकेचा व्हिक्टर वुडली ऊर्फ 'पंक' आणि जपानचे हाजिमे तानिगुची ऊर्फ 'तोकिदो' यांच्यात झाला. पंक त्या वर्षीचा सर्वांत बलवान खेळाडू गणला जात होता, आणि वय अवघे अठरा. तोकिदो टोकियो विद्यापीठाचे पदवीधर, इव्होचे विजेतेपद त्यांनी प्रथम २००२ साली मिळवले होते. ते हरलेल्यांच्या शाखेतून वर आले होते, म्हणून त्यांना दोनदा जिंकणे भाग होते. आणि ते दोनदा जिंकले. हजारो प्रेक्षकांसमोर पंकला रडू आवरले नाही. २०१९ साली 'कॅपकॉम कप' या मोठ्या स्पर्धेतही तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि हरला. अखेर २०२४ साली, सहाव्या आवृत्तीत, पाच हजारांहून अधिक स्पर्धकांतून पंक इव्होचा विजेता झाला. मधे सात वर्षे गेली. या सात वर्षांत खेळाची आवृत्ती बदलली, लढवय्ये बदलले, डाव बदलले. म्हणजे २०१७ साली जे येत होते ते जसेच्या तसे २०२४ साली चालले नसते. त्याला पुन्हा पुन्हा शिकावे लागले, आणि ज्याला रडू आले होते तोच हे शिकत राहिला. डोळ्यांत पाणी येणे आणि शिकणे यांत विरोध नाही. विरोध आहे तो सबबीत आणि शिकण्यात.

आता आपल्या शेजारच्या लाहोरला जाऊ. 'टेकन' या खेळात वर्षानुवर्षे दक्षिण कोरिया आणि जपान यांचा दबदबा होता. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानमधील फुकुओका येथे भरलेल्या इव्होत लाहोरचा अर्सलान सिद्दीक ऊर्फ 'अर्सलान ॲश' उतरला. परवान्यांच्या अडचणी आणि थकवणारा प्रवास करून तो पोचला होता. बाहेरच्या जगात त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. तो स्पर्धा जिंकला. वर म्हणाला की आमच्याकडे माझ्यासारखे आणखी पुष्कळ आहेत. हे ऐकून जगाने काय करावे? काही हसले. पण कोरियाचे बे जे-मिन ऊर्फ 'नी', जे या खेळातले सर्वश्रेष्ठ म्हणून ओळखले जात, ते त्याच वर्षी स्वतः पाकिस्तानात गेले आणि तिथल्या अनोळखी पोरांपुढे बसले. कित्येकांकडून हरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या इव्होत अंतिम सामना अर्सलान आणि नी यांच्यातच झाला, आणि तोही अर्सलाननेच जिंकला.

नी यांच्या या प्रवासाचा अर्थ आम्ही असा लावतो. ज्याला जगाने श्रेष्ठ म्हटले त्याला हरण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नव्हते. घरी राहून तो म्हणू शकला असता की तो एक योगायोग होता. त्याऐवजी जिथे आपल्याला ठाऊक नसलेले काही आहे तिथे तो आपण होऊन मार खायला गेला. तिथे जाऊनही अंतिम सामना तो हरलाच, हेही विसरू नये. पराभवातून शिकणाऱ्याला विजय मिळेलच असे वचन कुणी दिलेले नाही. आणि लाहोरच्या मुलांचे गुपित काय होते? मोठी यंत्रणा नाही, धनको नाहीत. आर्केडांत आणि मित्रांच्या घोळक्यांत एकमेकांना रोज हरवत राहणे एवढेच. ज्या रांगेच्या शाळेविषयी आम्ही आरंभी बोललो, ती बाकी जगात बंद पडत चालली असताना तिथे चालू होती.

कारण एव्हाना बाकी जगात आर्केड ओस पडली होती. खेळ घरात आला, आणि प्रतिस्पर्धी तारेपलीकडे गेला. या बदलाने पराभवाचे स्वरूप पालटले. नाणे जात नाही, पाळी जात नाही, कुणी पाहत नाही. फक्त गुणांचा एक आकडा खाली येतो. हे सुखाचे झाले असे वाटेल. पण नाण्याबरोबर रांगही गेली. हरलेला मुलगा आता पाहत उभा राहत नाही, लगेच पुढच्या सामन्याचे बटण दाबतो. रागाच्या भरात एकामागून एक दहा सामने हरतो, आणि त्यांतला एकही त्याला आठवत नाही. काही बहाद्दर तर हरण्याच्या क्षणी तारच उपटतात, म्हणजे पराभवाची नोंदच होऊ नये.

या काळातली सर्वांत मोठी सबब होती जोडणीच्या संथपणाची. तारेवरून संदेश यायला उशीर होई, बटण दाबले तरी पडद्यावर हात उशिरा उठे. आणि ज्या खेळात एका सेकंदाचे साठ भाग मोजले जातात तिथे हे गाऱ्हाणे रास्तही होते. २००६ च्या सुमारास वर उल्लेखिलेल्या टोनी कॅनन यांनी त्यावर 'जीजीपीओ' नावाची युक्ती काढली. प्रतिस्पर्ध्याचा संदेश येईपर्यंत यंत्र थांबत नाही. तो काय करील याचा अंदाज बांधून खेळ पुढे चालवते, आणि अंदाज चुकला असे कळताच क्षणभर मागे जाऊन दुरुस्ती करते. पुढे ही पद्धत या खेळांत सर्वत्र रुजली. दूरदेशीच्या सामन्यांत अडचण अजूनही असते. परंतु 'जोडणीने हरवले' हे वाक्य पूर्वीइतक्या सहज उच्चारता येत नाही.

आणि जी रांग गेली तिच्या जागी दुसरे साधन आले. आज प्रत्येक सामन्याचे चित्रण राहते. २०२४ च्या जानेवारीत निघालेल्या 'टेकन'च्या आठव्या आवृत्तीत तर हरलेला सामना पाहता पाहता मधेच थांबून त्याच क्षणात पुन्हा शिरता येते, आणि इथे दुसरे काही केले असते तर काय झाले असते हे करून पाहता येते. पानिपताच्या मीमांसकांना हे साधन मिळाले असते तर त्यांनी काय काय करून पाहिले असते! पण साधन असणे वेगळे आणि ते उघडणे वेगळे. चांगले खेळाडू काय करतात याची रीत अगदी साधी आहे. दोन-तीन सामने ओळीने हरले की ते उठतात, पाणी पितात. मग एकच सामना पाहतात. त्यात दहा चुका दिसल्या तरी एकच निवडतात. तिचे उत्तर सरावाच्या खोलीत यंत्राला तोच डाव करायला लावून हाताला बसवतात. आणि पुढच्या दिवशी जिंकलो की हरलो हे न विचारता, ते उत्तर सामन्यात दिले गेले की नाही एवढेच विचारतात. दिले गेले आणि तरी हरलो, तर तो दिवस वाया गेला असे मानत नाहीत.

वयाचाही एक मुद्दा आहे. हे खेळ पोरांचे, बोटे चपळ असतात तोवरच, असे पुष्कळांना वाटते. २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धांत प्रथमच अशा खेळांना अधिकृत पदके होती. 'स्ट्रीट फायटर'चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाचे किम ग्वान-वू यांनी जिंकले. त्यांचे वय चव्वेचाळीस होते. त्या स्पर्धेत भारताचेही खेळाडू उतरले होते. त्यांना पदकापर्यंत पोचता आले नाही. पण त्यांच्यामागे या देशात आज घरोघरी बसून खेळणारी मुले आहेत.

त्या मुलांच्या पालकांसाठी शेवटचे चार शब्द. या खेळांत वेळ जातो, आणि काहींच्या बाबतीत तो प्रमाणाबाहेर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अशा अतिरेकाची विकारांत गणना केलेली आहे, आणि तिकडे डोळेझाक करा असे आम्ही म्हणणार नाही. हरणारा प्रत्येक मुलगा शहाणा होतो असेही नाही. आर्केडच्या काळातही हजारो नाणी नुसती यंत्राच्या पोटात गेली. परंतु आपला मुलगा एखाद्या संध्याकाळी हरून हातातले यंत्र आपटील, तेव्हा आपल्यापुढे दोन प्रश्न असतात. "जिंकलास का?" हा एक. त्याचे उत्तर त्याच्या चेहऱ्यावर दिसतेच आहे, आणि तो प्रश्न विचारल्याने त्याला फक्त तोंड लपवावेसे वाटेल. "कशाने हरलास?" हा दुसरा. पहिल्या दिवशी तो म्हणेल, समोरच्याने लबाडी केली. दुसऱ्या दिवशी म्हणेल, मला येतच नाही. आपण न रागावता विचारीत राहिलो तर कदाचित आठव्या-दहाव्या दिवशी तो म्हणेल, "बाबा, मी उडी उशिरा मारतो."

त्या दिवशी त्याच्या नाण्याचे काहीतरी हाती आले असे समजावे. गणिताच्या पेपरापासून दुकानाच्या वहीपर्यंत पुढे त्याला ज्या ज्या ठिकाणी हरावे लागणार आहे, तिथे हे एक वाक्य त्याच्या उपयोगी पडेल. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.